ऑटोबानवरील सलग वेग: मर्यादा टायरची
जर्मनीतील ऑटोबान महामार्गांच्या अनेक टप्प्यांवर मोटारींना वेगमर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटर हा वेग तेथे १९७८ पासून केवळ शिफारस म्हणून आहे. शक्तिशाली मोटारी अशा टप्प्यांवर ताशी २०० किलोमीटरनेही दीर्घकाळ धावतात. मात्र सलग वेगाची मर्यादा बहुधा इंजिन नव्हे, तर टायर ठरवितो. हवा कमी असलेला टायर फिरताना अधिक दबतो, उष्णता साठत जाते आणि अखेरीस बाहेरचा थर सुटून तो फुटू शकतो. शहरातल्या फेरीत न जाणवणारा हा दोष येथे जिवावर बेततो. म्हणून वेगवान प्रवासासाठी उत्पादकाने सांगितलेला हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा. टायरवरील ‘व्ही’ हे अक्षर ताशी २४०, ‘डब्ल्यू’ २७०, तर ‘वाय’ ३०० किलोमीटरची क्षमता दर्शविते. झिजलेल्या टायरकडून मात्र तिची अपेक्षा धरू नये.

ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर ताशी १०० किलोमीटरच्या तुलनेत चौपट होते. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावी मार्गिका पुढे जाण्यापुरतीच वापरायची असते आणि सुरळीत वाहतुकीत उजवीकडून ओलांडण्यास मनाई आहे.