ट्रॅक्टर-ट्रॉलीतील टायरचा दाब व स्थैर्य

ट्रॉली ओढणाऱ्या वाहनाचे स्थैर्य म्हणजे वळण, उतार, खड्डा किंवा अचानक लावलेला ब्रेक अशा प्रसंगी वाहन व ट्रॉली दोन्ही चालकाच्या ताब्यात राहणे होय. भाराची मांडणी, जोड, ब्रेक व वेग यांच्याप्रमाणेच टायरमधील हवेचा दाब हाही त्याचा महत्त्वाचा घटक आहे. महाराष्ट्रात ऊसवाहतुकीमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

तत्त्व

टायरवरील भार मुख्यतः आतील दाबाखालची हवा पेलते. रबर व धाग्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात. वळणावर टायर किंचित मुरडतो आणि त्यातून वाहनाला वळवणारे आडवे बल निर्माण होते. टायरची बाजू जितकी लवचीक, तितके हे बल मिळण्यास विलंब होतो.

दाबाचे परिणाम

दाब कमी असल्यास टायरच्या बाजू सतत दुमडतात, उष्णता वाढते व टायर फुटण्याचा धोका निर्माण होतो. ट्रॉली डावी-उजवीकडे झोले खाऊ लागते. वेग वाढला की झोलेही वाढतात. दाब प्रमाणाबाहेर असल्यास टायर मधोमध झिजतो, रस्त्याशी संपर्क घटतो आणि खडबडीत रस्त्यावर पकड सुटते. दोन्ही बाजूंचा दाब असमान असल्यास ट्रॉली कमी हवेच्या बाजूला कलते. जोडचाकांपैकी एकाची हवा कमी झाल्यास शेजारच्या टायरवर जादा भार येतो.

ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये शेतकामासाठी दाब कमी ठेवतात, कारण त्यामुळे मऊ जमिनीवर पकड वाढते. त्याच दाबावर भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढल्यास मागचा भाग हेलकावतो.

पिशोर परिसर

पिशोर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यातील गाव आहे. कन्नड-पिशोर मार्गावर घाट आहे. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते. अशा वेळी मागील चाकांची पकड सुटली तर ट्रॉली जोडापाशी आडवी वळून उलटू शकते. मार्च २०२५ मध्ये पिशोर घाटात ऊस वाहणारा ट्रक उलटून त्यावरील मजूर मृत्युमुखी पडले. अपघातांची कारणे अनेक असतात. मात्र उंच रचलेल्या उसामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि कलंडण्याचा धोका वाढतो, हे सर्वच ऊसवाहनांना लागू आहे.

तपासणी

दाब टायर थंड असताना, शक्यतो वाहन सुरू करण्यापूर्वी, मापकाने तपासावा. केवळ लाथ मारून किंवा डोळ्यांनी अंदाज घेणे पुरेसे नसते. दर चौरस इंचास ७० पौंड दाब असलेल्या टायरचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास दाब सुमारे ३ पौंडांनी वाढतो. म्हणून प्रवासात तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते. योग्य दाब टायरचा आकार व त्यावरील भार यांनुसार उत्पादकाच्या तक्त्यातून ठरवावा.

मर्यादा

योग्य दाबाने जादा भाराचा दोष दूर होत नाही. टायरच्या क्षमतेपेक्षा अधिक ऊस भरून हवा वाढवणे धोकादायक आहे. भार कमी करणे, तो खाली व समतोल रचणे, उतारावर आधीच खालचा गिअर घेणे आणि भरलेल्या उसावर माणसे न बसवणे या गोष्टींना पर्याय नाही.