नाशिकच्या लेण्यातील यवन उपासक

दरवर्षी ६ डिसेंबरला अमरावती, अकोल्याहून असंख्य उपासक-उपासिका चैत्यभूमीच्या वंदनेसाठी रेल्वेने मुंबईस जातात. वाटेत नाशिक लागते. तेथील त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजेच तथाकथित पांडवलेण्यांतील, १७ क्रमांकाच्या लेण्याकडे आम्ही वऱ्हाडातील वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तेथील ब्राह्मी शिलालेखानुसार हे लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने कोरविले. तो उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा यवन, म्हणजे ग्रीक, होता. डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून या नगरीचे नाव पडले, असे अभ्यासक मानतात. लेण्यात चैत्यगृह व पाण्याची टाकी करवून त्याने ते माता-पित्यांप्रीत्यर्थ, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, भिक्षुसंघास दान दिले. या दानात त्याचा पुत्र धम्मरक्षितही सहभागी होता.

ग्रीकांचे तत्त्वज्ञान, नाट्य व शिल्पकला यांची महती शाळेत शिकविली जाते. त्यांच्यापैकी काही जण आपल्याच भूमीत धम्माचे उपासक झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मनुस्मृतीने यवनांना शूद्रत्वास पोहोचलेले ठरविले. संघाने त्यांचे दान स्वीकारले. त्यांचे नाव दगडावर कोरले गेले.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील मिलिंद राजाही यवनच. राजाच्या नव्हे, तर पंडितांच्या रीतीने बोलणे होणार असेल तरच भदंत नागसेन चर्चेस तयार झाले. बाबासाहेबांनी १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत स्थापिलेले महाविद्यालय याच मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते.

जन्म कोणता, हे न विचारणारा हा वारसा आपला आहे. मुंबईच्या वाटेवर एकदा तरी नाशिकला उतरून तो शिलालेख पाहावा, अशी आमची विनंती आहे.