काट्यांच्या पट्ट्यांची कुळकथा

फळमाशीच्या अंड्यातून साधारण एका दिवसात अळी बाहेर पडते. तिच्या पोटाकडच्या त्वचेवर बारीक काट्यांचे आडवे पट्टे असतात. दोन पट्ट्यांमधली जागा गुळगुळीत असते. सरपटताना या काट्यांनी तिला पकड मिळते. कोणत्या पेशीवर काटा उगवावा आणि कोणती पेशी गुळगुळीत राहावी, याचा जनुकीय उलगडा सुरू झाला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये.

तिथल्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत १९७८पासून ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस काम करत होते. त्यांनी नरांना उत्परिवर्तन घडवणारे रसायन पाजले, त्यांच्या वंशाच्या हजारो शाखा वाढवल्या आणि अंड्यातच दगावणारे भ्रूण निवडले. या पद्धतीचे खरे बळ असे की, भ्रूण जगणार नसला तरी मरण्यापूर्वी तो बहुधा त्वचेवरचे कवच तयार करतो. चूक कुठे झाली, ते त्या कवचावर उमटलेले असते. पारदर्शक केलेली ही कवचे दोघे एकाच सूक्ष्मदर्शकातून, समोरासमोर बसून, तपासत.

१९८० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी १५ जनुके तीन गटांत मांडली. पहिल्या गटातल्या बिघाडाने शरीराचे सलग अनेक खंड गळतात, दुसऱ्यातल्याने एकाआड एक खंडाइतका भाग. तिसऱ्या गटात प्रत्येक खंडाचा काही भाग जातो आणि त्या जागी उरलेल्याची उलटी प्रत उमटते. ‘हेजहॉग’ आणि ‘विंगलेस’ याच गटातली. ‘विंगलेस’चे पहिले उत्परिवर्तन मात्र दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली नोंदवले होते. हा भारतीय दुवा या इतिहासातून गळता कामा नये.

पुढे या जनुकांचे काम स्पष्ट झाले. पेशींची एक रांग विंगलेस प्रथिन सोडते, शेजारची हेजहॉग. दोन्ही रांगा एकमेकींचा संदेश चालू ठेवतात. विंगलेसचा संदेश पोहोचतो तिथे ‘शेव्हनबेबी’ हे जनुक बंद होते आणि त्वचा गुळगुळीत राहते. दुसऱ्या एका संदेशमार्गाने ते चालू होते, तिथे काटा येतो. दोन्ही संदेश याच जनुकापाशी एकत्र येतात, हे १९९९ साली दाखवले गेले.

न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना १९९५चे नोबेल एडवर्ड लुईस यांच्यासह मिळाले. हेजहॉगचा संदेश स्वीकारणारे ‘पॅच्ड’ हे जनुकही त्याच १५ जनुकांपैकी. माणसातल्या त्याच्या प्रतिरूपात बिघाड झाला की बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे १९९६ साली सिद्ध झाले.