श्लीपद : साचलेल्या पाण्यापासून तंजावरच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत

१/ दुधनी. अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूर–कलबुर्गी लोहमार्गावरचे गाव. येथे महाराष्ट्र संपत आला, तरी हत्तीरोगाला ती सीमा ठाऊक नाही. सोलापूर आणि पलीकडचा कलबुर्गी, दोन्ही जिल्हे आपापल्या राज्यांच्या हत्तीरोगप्रवण यादीत आहेत. सुजलेला पाय शस्त्राने उतरवता येतो काय, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ सुश्रुतसंहितेत ही व्याधी ‘श्लीपद’ या नावाने येते. जेथे जुने पाणी साचून राहते, त्या प्रदेशांत ती विशेष आढळते, हे निरीक्षणही तेथेच आहे. वर्ष उलटलेले, वारुळासारखे वाढलेले श्लीपद मात्र ग्रंथकाराने असाध्य ठरवले. डासाचे नाव नाही, पण बोट पाण्याकडे दाखवले आहे. हे थोडके नव्हे.

३/ १८७२ मध्ये टिमथी लुइस यांना कलकत्त्यात रुग्णांच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय बंदरात तेच कृमी डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, लसिका तुंबते.

४/ शल्यचिकित्सेची पहिली वाट उग्र होती. कलकत्त्याचे हॅवलॉक चार्ल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत सुजलेली त्वचा व तिच्याखालील ऊती स्नायूच्या आवरणापर्यंत काढून त्यावर त्वचारोपण करीत. पाय हलका होई, विद्रूपही होई. तुंबलेल्या लसिकेला वाट मात्र मिळत नसे.

५/ तुंबलेल्या पाण्याला पाट काढून द्यावा, तसे लसिकेला शिरेत सोडता येईल काय? १९६० मध्ये अमेरिकेत जेकबसन व सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. त्याच दशकात वॉर्सात निएलुबोविच व ओल्शेव्स्की यांनी लसिकाग्रंथी शिरेला जोडली. पुढे मेलबर्नच्या ओब्रायन यांनी लसिकावाहिनीच थेट शिरेला जोडण्याचे तंत्र रुग्णांवर राबवले.

६/ आता तंजावर. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी जेथे धन्वंतरी महाल उभारला, नेत्ररुग्णांच्या चित्रांकित नोंदी ठेवविल्या, तेच मराठ्यांचे तंजावर. कावेरीच्या खोऱ्यात हत्तीरोग जुनाच. याच शहरातील शल्यविशारद डॉ. एस. जमाल यांचा हत्तीरोगातील लसिका-शिरा जोडणीवरील निबंध १९८१ मध्ये ‘लिम्फॉलॉजी’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य शल्यविशारदांपुढे बहुधा कर्करोगाच्या उपचारानंतरची सूज असे. येथे प्रश्न डासाने दिलेल्या पायाचा होता. मराठी इतिहासप्रेमी तंजावरला बृहदीश्वरासाठी जातात. हे पान सहसा कोणी उलटत नाही.

७/ जपानच्या इसाओ कोशिमा यांनी हे तंत्र मिलिमीटरहूनही बारीक वाहिन्यांपर्यंत नेले. तरीही मर्यादा सुश्रुताच्या जवळचीच आहे : सूज नवी असेल तर जोडणी उपयोगी पडते, वाहिन्या कडक होऊन पाय गाठाळला, की जोडायला धड वाहिनीच सापडत नाही. शिवाय जोडणीने कृमी मरत नाही. म्हणून हत्तीरोगाविरुद्धचे पहिले शस्त्र सामुदायिक औषधोपचार मोहिमेतील गोळ्या. आणि ज्याचा पाय आधीच सुजला, त्याने तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा.