गिरणीचे घड्याळ कोणाचे?



शाळेत आपण सर्वांनीच एक गोष्ट ऐकलेली असते. जेम्स वॅट नावाचा मुलगा चुलीपाशी बसला होता, किटलीचे झाकण वाफेने खडखडले, आणि त्यातून यंत्रयुग जन्मास आले! गोष्ट गोड आहे, परंतु वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षे, 1712 सालीच, न्यूकोमेन ह्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचे वाफेचे इंजिन इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होते. पुढे वॅटकडे ग्लासगो विद्यापीठातील ह्याच इंजिनाचा एक लहान नमुना दुरुस्तीला आला, तेव्हा ते वाफ किती वाया घालवते हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे मूळ प्रश्न झाकणाचा नव्हता, कोळशाच्या खर्चाचा होता.

हा खर्चाचा धागा हाती धरला म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बुद्धीचा मक्ता काही इंग्रजांकडे नव्हता. सतराव्या शतकात लंडनच्या बाजारात हिंदुस्थानच्या छिटांनी आणि मलमलीने एवढी धूम उडविली की, तिकडचे लोकर व रेशीम विणणारे हवालदिल झाले. पार्लमेंटने 1700 साली आपल्याकडचे छापील कापड आणण्यास बंदी केली, आणि 1721 साली छापील सुती कापड वापरण्यासही. गिऱ्हाइकाला सुती कापडाची गोडी लागलेली, आणि आपला माल दाराबाहेर! अशा मोकळ्या मैदानात तिकडच्या कारखानदारांनी पाऊल टाकले. परंतु त्यांच्याकडे मजुरी महाग होती आणि कोळसा स्वस्त होता. माणसाचे हात वाचवील असे यंत्र तिथे परवडे. बंगालमध्ये, जिथे कातणारीला दिवसाकाठी अत्यल्प मिळे, तिथे ते कोण विकत घेईल? इतिहासकारांत ह्यावर वाद आहे; इंग्लंडातल्या सूत कातणाऱ्या बायकांना तरी कुठे भरपूर मजुरी होती, असे विचारणारे आहेत आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. तथापि ज्याने मालकाशी पगाराच्या वाटाघाटी केल्या आहेत त्याला, यंत्र हिशेबातून येते हे पटविण्यास फार पुरावा लागत नाही. आणि ह्या हिशेबात एक खाते नेहमी झाकून ठेवले जाते. लँकेशायरचा कापूस पुढे मुख्यतः अमेरिकेतून येऊ लागला, आणि तो गुलामांनी वेचलेला होता.

यंत्रांची नामावळी मी सांगत बसत नाही. एकच सांगतो. रिचर्ड आर्कराइट हा बोल्टनचा न्हावी, केसांचे टोप करून विकणारा. त्याने 1769 साली कातण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1771 साली क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी गिरणी उभारली. हे यंत्र झोपडीत मावणारे नव्हते. आजवर काम माणसाच्या घरी येत असे. आता माणसाला कामाच्या घरी जावे लागले. माझ्या मते सारी क्रांती ह्या एका वाक्यात आहे.

घरी विणणारा कोष्टी काही सुखात लोळत नव्हता. पण सोमवारी तो बहुधा मागावर बसत नसे. त्या सुटीला लोक थट्टेने ‘संत सोमवार’ म्हणत. शनिवार जवळ आला की रात्र रात्र जागून ठाण पुरे करी. वेळ त्याचा होता. गिरणीत घंटा आली, दरवाजा बंद होऊ लागला, उशिराला दंड आला. तुटलेले धागे जोडायला सात-आठ वर्षांची पोरे उभी राहिली. मालक सकाळी घड्याळ पुढे करतात आणि संध्याकाळी मागे, अशा तक्रारी त्या काळच्या कामगारांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आमच्याकडेही मुंबईत 1906 च्या जानेवारीत प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती, गिरणीकामगार खवळले. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात एकदा चाळीतून निघून पाहावे.

शहरे तर डोळ्यांदेखत फुगली. मँचेस्टरची वस्ती 1801 साली लाखाच्या आत होती, 1851 साली तीन लाख झाली. चॅडविकच्या 1842 च्या अहवालात तेथील मजूरवर्गाचे मृत्यूचे सरासरी वय 17 वर्षे दिले आहे. रटलंडसारख्या खेडवळ भागात तेच 38. ह्याचा अर्थ सारे सतराव्या वर्षी मरत असा नव्हे. पाळण्यातली मुले इतकी जात की सरासरी एवढी खाली येई. मागवाल्यांचे काय झाले? 1820 च्या सुमारास हातमागावर सुती कापड विणणारे अडीच लाखांच्या घरात होते; तीस वर्षांत ते पन्नास हजारांच्या आत आले.

पण गिरणीने आणखी एक गोष्ट केली, जी मालकांच्या हिशेबात नव्हती. हजार माणसे एका दरवाज्यातून आत जाऊ लागली, आणि एका दरवाज्यातून बाहेर. झोपड्या-झोपड्यांतून विखुरलेल्या कोष्ट्यांना तासांची मागणी करणे सुचलेही नसते. वेळ मोजायला मालकांनीच शिकविले आणि कामगार तो उलट मोजू लागले. 1833 च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना रेशीम सोडून इतर कापडगिरण्यांत बंदी झाली आणि चार निरीक्षक नेमले गेले. 1844 च्या कायद्यात तर एक कलम असे आहे की, ते वाचून मला फार आनंद झाला: गिरणीची वेळ सार्वजनिक घड्याळाप्रमाणे, उदाहरणार्थ जवळच्या रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे, ठेवावी! मालकाच्या भिंतीवरचे घड्याळ आता खरे धरले जाणार नव्हते.

1847 साली स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुले ह्यांना दहा तासांचा दिवस मिळाला. तो कायदा पुढे नेणारा जॉन फील्डन हा स्वतः गिरणीमालक होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मालकांनी लगेच पाळ्यांची हातचलाखी केली. एका गटाला सोडायचे, दुसऱ्याला धरायचे, आणि कोणाचे तास भरले हे निरीक्षकाला कळू द्यायचे नाही. शेवटी 1850 साली तडजोड झाली: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मध्ये दीड तास जेवणाचा, आणि शनिवारी दुपारी दोनला काम बंद. दिवसाला अर्धा तास हातचा गेला, परंतु शनिवारची दुपार मिळाली. लँकेशायरच्या गिरणीकामगारांनी त्या दुपारी काय केले, तर ते मैदानावर गेले. इंग्लंडात फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू करण्याची चाल पडली ती त्यामुळेच.