सेवकाचा मित्र झाला तेव्हा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात इराकमधील निमरूद येथून आलेले अ‍ॅसिरियन शिल्पपट आहेत. १९ व्या शतकात लेयार्ड या इंग्रज संशोधकाला उत्खननात मिळालेल्या वस्तू तैग्रिस नदीतून तराफ्यांवर बसऱ्याला आणि तेथून जहाजाने मुंबईमार्गे इंग्लंडला जात. शिल्पांतल्या पंखधारी अतिमानवी आकृती पाहिल्यावर प्रश्न पडतो, या लोकांच्या वीरकथा कशा असतील?

त्याचे उत्तर निमरूदपासून सुमारे ३० किलोमीटरवरील निनेव्हे येथे मिळाले. असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील मातीच्या पाट्यांवर गिलगामेशचे महाकाव्य होते. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने त्यातील महापुराची कथा वाचली आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले.

गिलगामेश हा उरुकचा राजा. दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस. त्याच्या जुलमाला प्रजा कंटाळते, म्हणून देव मातीपासून तोलामोलाचा एन्किडू घडवतात. दोघे झुंजतात आणि मित्र होतात. देवदाराच्या अरण्याचा रक्षक हुंबाबा व स्वर्गातील बैल यांना ते मारतात. देव शिक्षा म्हणून एन्किडूला मरण देतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याआधीच्या सुमेरी भाषेतील सुट्या काव्यांत एन्किडू हा बहुतेक ठिकाणी गिलगामेशचा सेवक आहे. पुढे अक्कादी भाषेत महाकाव्य रचताना कवींनी त्याला राजाच्या बरोबरीचा मित्र केले. या एका बदलाने कथेचा रोखच बदलला. सेवकाच्या जागी दुसरा सेवक येऊ शकतो. बरोबरीचा मित्र गेला की आपणही जाणार हे कळते. सहा दिवस व सात रात्री गिलगामेश प्रेत सोडत नाही. मग अमरत्वाच्या शोधात भटकतो. अखेर हाती आलेली, तारुण्य परत देणारी वनस्पतीही साप पळवतो. रिकाम्या हातांनी तो उरुकला परततो आणि नगराचा तट सोबत्याला अभिमानाने दाखवतो.

आपल्या महाभारतातही दुर्योधन कर्णाला आधी अंगदेशाचा राजा करतो, मग मैत्री मागतो. मैत्रीला बरोबरी लागते, हे दोन्हीकडच्या कवींनी ओळखले होते, असे आम्हांला वाटते. वर्गात ही कथा सांगताना गिलगामेशच्या पराक्रमावर न थांबता मुलांना विचारावे: एन्किडू सेवकच राहिला असता, तर राजा बदलला असता का?