निराश्रितांचा दाखला

१८९८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात महारोग्यांविषयी एक कायदा झाला. त्यात 'कंगाल महारोगी' कोणास म्हणावे याची व्याख्या दिलेली आहे. जो उघडपणे भिक्षा मागतो, लोकांच्या मनात दया उपजावी म्हणून आपली जखम, व्रण किंवा व्यंग दाखवतो, अथवा उपजीविकेचे कोणतेही दृश्य साधन नसताना मोकळा हिंडतो, तो कंगाल महारोगी. अशा माणसास पोलिसाने वॉरंटावाचून धरावे आणि त्याची रवानगी आश्रमात व्हावी, अशी त्यात तजवीज होती. पुढे एकसष्ट वर्षांनी द्वैभाषिक मुंबई राज्याने भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. १९५९ च्या त्या कायद्यातील भिक्षेची व्याख्या या जुन्या व्याख्येशेजारी ठेवून वाचली, तर जखम, व्यंग, रोग यांचे प्रदर्शन आणि 'दृश्य साधनावाचून भटकणे' ही दोन्ही कलमे जवळजवळ त्याच शब्दांत भेटतात. मधल्या काळात स्वातंत्र्य आले, संविधान आले. व्यंग दाखवणाऱ्याकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी मात्र तीच राहिली.

याच देशात १९९६ नंतर दुसरा एक कायदा अमलात आला. तो त्याच माणसास सांगतो की, तुझे व्यंग वैद्यकीय मंडळापुढे दाखव, त्याची टक्केवारी काढून घे, म्हणजे तुला दाखला मिळेल आणि दाखल्यावर निवृत्तिवेतन मिळेल. रस्त्यावर दाखवले तर गुन्हा, रुग्णालयात दाखवले तर हक्क. ज्याला घर आहे त्याला या दोन जागांमधील अंतर फारसे जाणवत नाही. ज्याला घर नाही त्याला ते ओलांडणे इतके कठीण का पडते, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत. राज्य शासनाच्या सेवेत आमची उमेदीची वर्षे अर्जांच्या चळती पुढे-मागे करण्यात गेली. त्यामुळे या इतिहासातील कायद्यांपेक्षा त्यांच्या नमुन्यांकडे, म्हणजे छापील अर्जांकडे, आमचे लक्ष अधिक जाते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आमच्या माळव्यात अहिल्याबाईंच्या सदावर्तांची आठवण अजून निघते. तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर त्यांनी धर्मशाळा बांधल्या, अन्नसत्रे घातली. सदावर्ताच्या दारात आलेल्यास त्याचे गाव कोणते, तो येथे किती वर्षे राहतो, हे विचारण्याचे कारण नव्हते. तो भुकेला आहे एवढे पुरे होते. पण या आठवणीत फार रमू नये असे आम्हांस वाटते. सदावर्त ही दात्याची कृपा असते. नेमणूक आटली, गाव खालसा झाले, कारभारी बदलला, की सदावर्त बंद पडे, आणि जेवणाऱ्यास त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा नसे.

इंग्रजी राजवटीत भटक्यांविषयी जे पहिले कायदे झाले, त्यांतील १८७४ चा कायदा युरोपीय भटक्यांसाठी होता, ही मौजेची गोष्ट आहे. गोरा मनुष्य बाजारात हात पसरताना दिसणे राज्यकर्त्यांच्या इभ्रतीस बाधक होते. म्हणून त्याला कामघरात ठेवावे आणि जमल्यास जहाजात बसवून परत पाठवावे, अशी योजना होती. एतद्देशीय निराधाराची पाळी नंतर आली. निजामाच्या हैदराबादेत १३५० फसलीत, म्हणजे १९४०-४१ च्या सुमारास, बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात आणि म्हैसूर संस्थानात १९४४ साली असे कायदे झाले. बंगालचे वर्ष विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. माणसे अन्नावाचून कलकत्त्याच्या रस्त्यांवर पडत होती, तेव्हा सरकारने भटकण्याविरुद्ध कायदा केला.

संविधानाच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या अवस्थांत शासकीय साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची दिशा राज्यास घालून दिली, तीही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. या अनुच्छेदानंतर नऊ वर्षांनी मुंबईचा उपरोक्त कायदा झाला. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत, आणि अंध, पंगू किंवा असाध्य रीतीने असहाय असलेल्यास मुदतीनंतरही अनिश्चित काळ डांबून ठेवण्याची मुभा त्यात आहे. धडधाकट भिकाऱ्यास सुटका, पंगूस मात्र आजन्म अडकाव! गोव्यात १९७२ साली आणि मध्य प्रदेशात १९७३ साली भिक्षाविरोधी कायदे झाले. मुंबईचा कायदा दिल्लीसही लागू करण्यात आला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्याची कलमे घटनाबाह्य ठरवली. इतर अनेक राज्यांतील पुस्तकात ती कायम राहिली.

साहाय्याची बाजू याहून मंद गतीने वाढली. उत्तर प्रदेशाने १९५७ साली वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली आणि 'निराधार' हा शब्द तहसील कचेरीच्या रोजच्या भाषेत रुळला. या योजनेची एक अट वाचकांनी ध्यानात ठेवावी: अर्जदार महाराष्ट्राचा किमान पंधरा वर्षांचा रहिवासी असला पाहिजे. निराधार असण्यासाठी पंधरा वर्षांचा आधार दाखवावा लागतो, असा तिचा अर्थ फलाटावर झोपणाऱ्याच्या बाबतीत होतो. अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या प्रांतातील लोक येऊन तिजोरीवर भार पडेल, ही भीती प्रत्येक वित्त विभागास असते. आम्ही ती जवळून पाहिली आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात विकलांगांसाठी वेगळे निवृत्तिवेतन २००९ साली आले. दारिद्र्यरेषेखालील आणि ऐंशी टक्के वा अधिक विकलांगता असलेल्यांसाठी दरमहा २०० रुपये, २०१२ पासून ३०० रुपये. केंद्राचा हा वाटा त्यानंतर वाढलेला नाही. राज्ये आपापली भर घालतात. मध्य प्रदेशाने २०१९ साली सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन ३०० वरून ६०० रुपये केले, आणि राज्याच्या स्वतःच्या योजनेत चाळीस टक्के विकलांगता पुरते. दरम्यान 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला, सात प्रकारांच्या जागी २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, आणि कुष्ठमुक्त व्यक्तींची गणना त्यातही कायम राहिली. योगायोग असा की १८९८ चा महारोग्यांचा कायदा केंद्राच्या पुस्तकातून निघाला तोही २०१६ सालीच. अनेक राज्यांनी तो आधीच रद्द केला होता.

आता अर्जाकडे वळू. दाखल्यासाठी निवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि आधार क्रमांक अथवा नोंदणीची पावती लागते. मध्य प्रदेशात निवृत्तिवेतनासाठी 'समग्र' क्रमांकही हवा. तो मुळात कुटुंबाचा क्रमांक आहे. कुटुंबास आठ अंकी, त्यातील सदस्यास नऊ अंकी. ज्याला घरच्यांनी काढून दिले किंवा ज्याने घर सोडले, त्याने कोणत्या कुटुंबात नाव शोधावे? पुष्कळदा ते नाव गावच्या जुन्या कुटुंबात असते आणि तेथून ते काढल्यावाचून शहरात नवे घालता येत नाही. आधारचेही तसेच. कागदपत्रे नसणाऱ्यांसाठी परिचयकर्त्याच्या हमीवर नोंदणीची सोय आधार योजनेत अगदी आरंभापासून ठेवली होती, बोटे झडलेल्यांसाठी अपवादाची तरतूदही आहे. पण खिडकीवरच्या माणसास ती ठाऊक असेलच असे नाही.

निवासाच्या पुराव्याबाबत मात्र नियमांत एक ओळ आहे, जिचे मोल आमच्या मते मोठे आहे. २००९ अखेरच्या दुरुस्तीने आलेल्या आणि पुढे २०१७ च्या नियमांतही राहिलेल्या अर्जाच्या नमुन्यात असे म्हटले आहे की, अर्जदार विकलांग, निराश्रित वा मनोरुग्ण यांच्या निवासी संस्थेत राहत असेल, तर संस्थाप्रमुखाने दिलेला निवासाचा पुरावा चालेल. छापील नमुन्याच्या पोटात दडलेल्या या ओळीमुळे निवाऱ्याचा व्यवस्थापक एकाएकी महत्त्वाचा मनुष्य ठरतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. रेल्वेखाली पाय गमावलेला एक मजूर तीनदा परत पाठवला गेला होता. पाय नाही हे सर्वांस दिसत होते. पत्ता नाही ही त्रुटी होती. एका निवृत्त शिक्षकांनी त्याला निवाऱ्यात दाखल करवून व्यवस्थापकाचे पत्र घेतले, नियमाची ती ओळ पत्राखाली शब्दशः लिहिली, आणि चौथ्या खेपेस कागद पुढे सरकला. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून जुने टिपण मिळवण्यास मात्र त्यांना आणखी दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

पाय नसणे निदान दिसते. मनाचा आजार दिसत नाही, आणि बेघरांतील सर्वांत उपेक्षित तोच रोगी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले, तेव्हा देशाचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. त्याच सुमारास मानसिक विकलांगता मोजण्याची एक भारतीय पट्टी तयार होऊन शासनाने ती स्वीकारली. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबींस गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे यास वेगळे गुण. पट्टी विचारपूर्वक केलेली आहे. पण हे प्रश्न बहुधा रुग्णाच्या आप्तास विचारायचे असतात. रोगी केव्हापासून अंघोळ टाळतो, कामावरून केव्हा सुटला, हे सांगणारे कोणीच नसेल तर वर्षांचे गुण कोठून यावेत? डॉक्टरही अशा वेळी हात आखडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक पाऊल पुढे टाकले: दारिद्र्यरेषेखालील रुग्णास, त्याच्याजवळ शिधापत्रिका वा तत्सम कार्ड असो वा नसो, आणि निराश्रित व बेघर रुग्णास विनामूल्य उपचाराचा हक्क आहे, असे त्यात म्हटले. 'असो वा नसो' हे तीन शब्द आमच्या कायद्यांत फार क्वचित वाचायला मिळतात. निवृत्तिवेतनाच्या नियमांत ते अद्याप आलेले नाहीत. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी उभारलेल्या कार्याचा २०१८ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला. तेथे रुग्ण बरा होऊन घरी पोहोचवला जातो, म्हणजेच त्याला त्याचा पत्ता परत मिळतो.

अमेरिकेत विकलांगांसाठीचे केंद्रीय साहाय्य १९७४ पासून चालू आहे, आणि बेघरांचे अर्ज तेथेही याच कारणांनी फेटाळले जात. २००५ पासून तेथे 'सोअर' नावाचा उपक्रम निघाला. त्यात प्रशिक्षित कार्यकर्ता अर्जदाराचा अधिकृत प्रतिनिधी होतो, निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी गोळा करतो, आणि त्या माणसाची आजवरची हकिकत सविस्तर लिहून डॉक्टरची सही घेऊन अर्जास जोडतो. मोजपट्टी बदललेली नाही, पैसाही बदललेला नाही. आप्ताच्या जागी सांगणारा मनुष्य उभा केला आहे. आपल्याकडे परदेशी योजना उचलण्याची हौस मोठी, पण ही योजना कोणी उचललेली आम्हांस दिसली नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली, संख्या १७.७ लाख भरली. त्याआधी वर्षभर, २०१० साली, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील गारठ्याच्या निमित्ताने सुरू झालेल्या सुनावणीत शहरांतील निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला होता. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाख वस्तीमागे एक कायम निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा असे प्रमाण ठरले, आणि निवाऱ्यातूनच ओळखपत्रे, निवृत्तिवेतन वगैरे मिळवून द्यावे असेही त्यात होते. निवारे काही प्रमाणात झाले. त्यांना जोडलेले हे लेखनिकाचे काम बहुतेक ठिकाणी राहून गेले. त्यासाठी वेगळा मनुष्य नेमलेला नसतो.

आमच्या इंदूर शहराचाही या इतिहासात उल्लेख करणे प्राप्त आहे, आणि तो अभिमानाने करता येत नाही. २९ जानेवारी २०२१ रोजी निराधार वृद्धांना महापालिकेच्या गाडीतून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवण्यात आले. गावकऱ्यांनी हटकले, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवले गेले. चित्रफीत देशभर पाहिली गेली, निलंबन झाले. पुढे २०२२ साली केंद्राची भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाची 'स्माईल' योजना आली आणि १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू झाला. चौकांतील हात कमी झाले हे खरे. त्या हातांपैकी किती दाखल्याच्या अर्जावर अंगठा उमटवण्यापर्यंत पोहोचले, हा प्रश्न आम्ही ओळखीच्या दोन-तीन अधिकाऱ्यांना विचारला. किती जणांना हटवले, किती जणांना आश्रमात ठेवले, हे त्यांनी तत्परतेने सांगितले.

दाखल्याचे नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बदलले. दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आणि सारा व्यवहार संगणकावर आला. तीन महिने एकाच ठिकाणी सापडणे बेघरास जमत नाही. त्याचा भ्रमणध्वनी चोरीस जातो आणि बोलावण्याचा संदेश त्याच्यापर्यंत येत नाही. म्हणून आमच्या परिचयातील काही निवृत्त मंडळींनी एक साधी रीत धरली आहे. निवाऱ्यात एक बांधीव वही ठेवायची. येणाऱ्याचे नाव, तारीख, दिसणारा आजार आणि तो सांगेल ती हकिकत दर आठवड्यास लिहायची, व्यवस्थापकाची सही घ्यायची. अर्जावर संपर्कासाठी निवाऱ्याचा क्रमांक द्यायचा. दोन वर्षे भरली की त्या वहीतील नोंदींच्या साक्षांकित प्रती काढून मनोविकारतज्ज्ञापुढे ठेवायच्या. आजार किती वर्षांचा, या रकान्यापुरते तेवढे कागद तरी हाती असतात.